सगळ्यात मोठा जिताडा कुणाला हवा आहे?

मोठा मासा म्हटला की चांगल्या शहाण्यासुरत्या माणसांचंही काहीतरी बिनसतं. एरवी हीच माणसं बाजारात वांगी घेताना लहान, कोवळी बघून घेतात. काकडी मोठी दिली तर "जून आहे हो" म्हणून परत टोपलीत टाकतात. मासा मात्र मोठाच हवा. आणि नुसता मोठा असून भागत नाही, सगळ्यात मोठा हवा. खाडीतला सगळ्यात मोठा, तालुक्यातला सगळ्यात मोठा, "असा गेल्या वीस वर्षांत मिळाला नव्हता" असा. तो खाण्यासाठी हवा असतो असंही नाही, कारण जाणकार खाणारा तुम्हाला सांगेल की फार मोठ्या माशाचं मांस भरड लागतं. तो दाखवण्यासाठी हवा असतो.

ह्या दाखवण्याच्या हौसेविरुद्ध मला आज लिहायचं आहे. सौम्य लिहिणार नाही, आधीच सांगते. नात्यातली दोन-चार माणसं रागावतील. रागवा, पण शेवटपर्यंत वाचा.

निमित्त असं की आमच्या गावच्या तरुण मंडळाने यंदा नारळी पौर्णिमेला एक स्पर्धा ठेवली आहे. खाडीत गळाने म्हणा, जाळ्याने म्हणा, जो सगळ्यात मोठा जिताडा धरेल त्याला पहिलं बक्षीस, रोख रक्कम आणि ढाल. फोटो काढून पाठवायचे, वजनकाटा मंडळाचा. पत्रकावर बक्षीस समारंभाच्या पाहुण्या म्हणून माझं नाव छापलंय, मला न विचारता. मंडळातली निम्मी मुलं माझ्या हाताखालून गेलेली, त्यात दोन पुतणे. त्यांना वाटलं असेल, काकू कशाला नाही म्हणतील! तर काकू नाही म्हणते आहे. आणि का, ते इथे सविस्तर लिहिते, म्हणजे प्रत्येकाला फोनवर वेगळं सांगायला नको.

जे आमच्या भागातले नाहीत त्यांच्यासाठी थोडं (आमचे नागपूरचे व्याही हे नेमाने वाचतात, आणि ब्लॉगवाली बरीच मंडळी देशावरची आहेत). पेण-अलिबागकडचा खाडीलगतचा सपाट मुलूख म्हणजे खारेपाट. बांध घालून भरतीचं खारं पाणी अडवायचं आणि आतल्या जमिनीत भात पिकवायचा, ही इथली पिढ्यानपिढ्यांची शेती. बांधाला उघाड्या असतात, त्यातून पावसाचं पाणी ओहोटीला बाहेर सोडतात. पावसाळ्यात खाडीत जिताड्याची पिल्लं येतात. ती धरून घराजवळच्या तलावात सोडायची, लहानसहान मासे घालून वाढवायची, आणि घरात कार्य निघालं की त्यातला एक काढायचा, अशी जुनी रीत. हाच मासा बंगाल्यांची भेटकी आणि ऑस्ट्रेलियातल्या लोकांची बारामुंडी. शास्त्रीय नाव लेट्स कॅल्करिफर.

आमच्याकडे जिताडा हा नुसता मासा नाही, ते वजन आहे. जावई पहिल्यांदा आला की जिताडा. कचेरीतलं काम अडलं की साहेबांच्या घरी जिताडा. मग साहजिकच जितका मोठा जिताडा तितका माणूस मोठा, असा हिशेब डोक्यात बसतो. आणि आता हातात मोबाइल आले. मासा दोन्ही हात लांब करून कॅमेऱ्याच्या पुढ्यात धरायचा म्हणजे तो वासराएवढा दिसतो आणि धरणारा मागे बारका दिसतो, ही युक्ती माझ्या नातवाने मला दाखवली. फोटोत सगळ्यांचेच जिताडे राक्षसी झाले आहेत, म्हणून मंडळाला वजनकाटा आणावा लागला!

असो. मुद्द्यावर येते.

मी तीसेक वर्षं शाळेत मराठी आणि भूगोल शिकवला. पाचवी-सहावीला लिंगविचार शिकवताना मुलांना सांगायचे, तो जिताडा, ती सुरमई, ते पापलेट. मुलांना मासे माहीत, त्यामुळे उदाहरण लगेच पटायचं. पण निसर्गाने ह्या 'तो जिताडा'ची मोठी गंमत केली आहे. हा मासा बहुतेक करून नर म्हणूनच वाढतो. तीन-चार वर्षांचा झाला की नर म्हणून प्रजननाला लागतो. तसे काही हंगाम जातात, आणि मग पाच-सात वर्षांच्या आसपास, लांबी तीन फुटांच्या आगेमागे झाली की त्याच माशाची मादी होते. वय आणि लांबी ठिकाणागणिक थोडी बदलते, काही मासे नियमाला अपवादही असतात, पण ढोबळ चित्र हेच. लहान जिताडे नर, मोठे जिताडे माद्या. व्याकरणात तो कायमचा पुल्लिंगी राहिला तरी पाण्यात मोठेपणी तो स्त्रीलिंगी होतो.

आता ते पत्रक पुन्हा वाचा. 'सगळ्यात मोठ्या जिताड्याला पहिलं बक्षीस.' ह्याचा सरळ अर्थ, आपल्या खाडीतली सगळ्यात मोठी, अंडी घालणारी मादी जो मारून आणेल त्याला ढाल. दुसरं बक्षीस दुसऱ्या क्रमांकाच्या मादीला. आणि हे कधी, तर पावसाळ्यात. ह्या माशाला अंडी घालायला खारं पाणी लागतं. गोड्या पाण्यात, खाडीत आत वाढलेले मासे त्यासाठी मुखाकडे उतरतात. ही वेळ साधारण पावसाळ्याच्या आगेमागेची. मोठा जिताडा ह्या दिवसांत कापला की आत गाभोळी निघते, हे आमच्या गावातल्या कुठल्याही मासे कापणाऱ्या बाईला विचारा. पत्रक काढणाऱ्यांनी तिला विचारलं असतं तर मला लिहावं लागलं नसतं.

"काकू, एका माशाने काय होतंय?" हे पहिलं उत्तर मला मिळालं. तर काय होतं ते सांगते.

आपल्याला वाटतं दहा किलोच्या एका मादीची अंडी म्हणजे दोन-दोन किलोच्या पाच माद्यांची अंडी. हिशेब सोपा आहे आणि चुकीचा आहे. २०१८ साली शास्त्रज्ञांनी समुद्रातल्या कितीतरी जातींच्या माशांची अंडी आणि वजनं तपासून दाखवलं की मादी मोठी होते तशी तिची अंडी वजनाच्या प्रमाणात वाढत नाहीत, त्याहून पुष्कळ जास्त वाढतात. अटलांटिक समुद्रातल्या कॉड माशाचं उदाहरण त्यांनी दिलं आहे. तीस किलोची एक मादी जेवढी अंडी घालते तेवढी घालायला दोन-दोन किलोच्या अठ्ठावीस माद्या लागतात. अठ्ठावीस माद्यांचं वजन होतं छप्पन किलो. म्हणजे निम्म्याहून थोड्या जास्त वजनात ती एकटी तेवढंच काम करते! जिताड्याची मोठी मादी तर एका हंगामात कोट्यवधी अंडी घालते. त्यातली बहुतेक वाया जातात, खाल्ली जातात, मान्य. म्हणून तर एवढी घालावी लागतात.

दुसरं उत्तर, "तो म्हातारा झालेला मासा, नाहीतरी मरणारच होता." हे मला विशेष लागलं, कारण माझं वय सत्तरीच्या पुढे आहे. बाबांनो, माशांत निवृत्ती नसते. माणसाचं आणि गाईम्हशीचं बघून आपण ठरवतो की वय झालं म्हणजे उपयोग संपला. मासा जन्मभर वाढत राहतो, आणि बहुतेक जातींत मादी जितकी मोठी तितकी तिची पैदास जास्त. जिताड्यात तर म्हातारपणीच मादीपण येतं. तुम्ही ज्याला म्हातारा म्हणता तिचं काम ऐन भरात आलेलं असतं.

आणि हे शेतकऱ्याच्या घरात जन्मलेल्यांना कळू नये ह्याचं मला नवल वाटतं. आमच्या सासूबाई भाताची मळणी व्हायच्या आधी शेतात फिरून भरदार लोंब्या वेगळ्या काढायच्या. ते पुढच्या वर्षीचं रात्याचं बियाणं. घरात तांदूळ संपला तरी त्या कणगीला हात लावायची कुणाची छाती नव्हती. सगळ्यात चांगलं ते बियाण्याला आणि राहिलेलं पोटाला, हा नियम जमिनीवर आपण पाळला. बांधाच्या पलीकडे पाय टाकला की उलटा नियम, सगळ्यात चांगलं ते आधी मारायचं आणि बारकं राहिलं तर बियाणं. असं भात केलं असतं तर चार वर्षांत शेतात काय उगवलं असतं?

चार वर्षं मी उगाच म्हटलं नाही. अमेरिकेत न्यूयॉर्ककडच्या दोन शास्त्रज्ञांनी हे करून पाहिलं आणि २००२ साली छापलं. सिल्व्हरसाइड नावाचा छोटा मासा त्यांनी टाक्यांमध्ये वाढवला. एका गटातले दर पिढीला सगळ्यात मोठे नव्वद टक्के काढून घेतले, दुसऱ्या गटातले सगळ्यात लहान नव्वद टक्के काढले. चार पिढ्या झाल्यावर बघतात तर पहिल्या गटातले मासे आकाराने घटलेले, आणि त्या गटाचं एकूण उत्पन्नही कमी. मोठे मोठे काढत गेल्याने सुरुवातीला टोपली भरली, पण पुढे उरलेल्यांची वाढच खुंटली. "पूर्वी केवढाले मासे मिळायचे!" असं ज्यांना गणपतीच्या आरतीनंतर दरवर्षी म्हणायचं असतं, त्यांनी हा प्रयोग लक्षात ठेवावा.

(तळकोकणातल्या वाचकांसाठी एक बाजूची गोष्ट. तुमच्याकडचा हेकरू किंवा गोबरा नेमका उलटा. ह्या कुळातले बहुतेक मासे आधी मादी असतात आणि मोठेपणी नर होतात. तिथे सगळ्यात मोठे वेचून मारले की मागे राहतात नुसत्या माद्या. तुमच्याकडे अशी स्पर्धा निघाली तर हे पत्र उलटं करून वाचून दाखवा.)

"कायद्यात कुठे लिहिलंय?" हे तिसरं उत्तर, आणि ते मात्र खरं आहे. कायद्यात लिहिलेलं नाही. महाराष्ट्र सरकारने २०२३ साली चोपन्न जातींच्या माशांसाठी किमान लांबी ठरवली, त्याहून लहान मासा पकडू नये असा नियम केला. चांगलंच केलं. जून-जुलैत यांत्रिक नौकांना समुद्रात बंदी असते, तीही योग्यच. पण हे सगळे नियम पिल्लांसाठी. पिल्लू वाचवायचं हे कुणालाही पटतं, ते गोजिरवाणं असतं. पिल्लांच्या आईला वाचवणारी वरची मर्यादा आपल्या नियमांत कुठेच नाही. उलट तिच्यासाठी आपण ढाल ठेवतो.

हे जगात कुठेच नाही असं समजू नका. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंड राज्यात ह्याच माशाला, म्हणजे आपल्याच जिताड्याला, दोन्ही बाजूंनी मर्यादा आहे. ५८ सेंटिमीटरपेक्षा लहान धरायचा नाही आणि १२० सेंटिमीटरपेक्षा मोठा लागला तर परत सोडायचा. अमेरिकेत मेन राज्यात लॉब्स्टर धरणाऱ्यांचंही तसंच, लहान परत आणि फार मोठाही परत. तिथे अंड्यांवर असलेली मादी सापळ्यात आली की तिच्या शेपटीला एक खाच पाडून सोडतात, म्हणजे पुढच्या वेळी दुसऱ्या कुणाला सापडली तरी त्याला कळावं की ही आपल्या सगळ्यांची आहे. ती माणसं काही साधुसंत नाहीत. धंदेवाले मच्छीमार आहेत, लॉब्स्टर विकूनच जगतात.

आता पुतण्याचं म्हणणं, आणि ते मी सगळ्यात गंभीरपणे घेते, कारण तो मुलगा विचार करणारा आहे. तो म्हणाला, "काकू, आम्ही पकडून सोडू. फोटो काढू, वजन करू आणि परत खाडीत सोडू. शहरातले गळवाले तसंच करतात." तो असंही म्हणाला की हौशी गळवाल्यांनी लिहून ठेवलेल्या नोंदी शास्त्राला उपयोगी पडल्या आहेत.

खरं आहे. कर्नाटकात कावेरी नदीवर महसीर माशाचे गळवाले वर्षानुवर्षं असं पकडून सोडत होते आणि वह्यांत नोंदी करत होते. त्याच नोंदींवरून पुढे कळलं की कावेरीचा स्वतःचा तो प्रचंड कुबडवाला महसीर कमी होत चाललाय आणि त्याच्या जागी दुसराच निळसर परांचा महसीर वाढलाय. हा दुसरा मूळचा आपल्या पुण्याकडच्या नद्यांतला. कर्नल साइक्स ह्या इंग्रजाने १८३९ साली त्याला 'खुद्री' हे नाव दिलं. लोणावळ्याच्या वळवण धरणावर त्याची पैदास करून पिल्लं देशभर वाटली गेली, त्यातली कावेरीतही सोडली गेली. हेतू चांगला होता. आणि कावेरीचा मूळ मासा, ज्याच्या आकाराच्या गोष्टी इंग्रजांच्या काळापासून सांगितल्या जात होत्या, ज्या जातीत १९४६ साली काबिनी नदीत १२० पौंडांचा, म्हणजे ५४ किलोचा विक्रमी मासा गळाला लागला, त्याची शास्त्रीय ओळख पक्की व्हायला २०१८ साल उजाडलं. टोर रेमादेवी असं त्याचं नाव. त्याच वर्षी तो अतिधोक्यात असलेल्या प्रजातींच्या यादीतही गेला. वजन आपल्याला १९४६ पासून पौंडापर्यंत पाठ होतं, आणि मासा नेमका कोणता ते बहात्तर वर्षांनी ठरलं. ह्याच्यापेक्षा 'सगळ्यात मोठा'च्या वेडाचं चांगलं वर्णन मला करता येणार नाही.

तेव्हा नोंदी ठेवा, जरूर ठेवा. पण पुतण्याच्या बोलण्यात एक गोची आहे. कावेरीवर नोंद होत होती ती प्रत्येक माशाची, लहान-मोठ्या सगळ्या. म्हणून त्यातून काहीतरी कळलं. तुमच्या स्पर्धेत नोंद होणार फक्त सगळ्यात मोठ्याची. आणि सोडणार म्हणता, ते कसं? पत्रकात वजनकाटा मंडळाच्या शेडमध्ये आहे. खाडीपासून शेडपर्यंत मोटरसायकलवर मासा यायला किती वेळ लागतो, ते तुम्हीच मला सांगा. मग तो जबड्यात आकडा घालून काट्याला टांगायचा, मग फोटो, मग सरपंचांची वाट बघायची. एवढं झाल्यावर जो खाडीत सोडाल तो जिताडा पोहणार नाही, तरंगेल. म्हणजे संध्याकाळी तो कुणाच्या तरी घरी शिजणार, हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही.

कुणी म्हणेल की बाई मच्छीमारांच्या पोटावर पाय देते आहे. मुळीच नाही. मी मासे खाते, आवडीने खाते, उपासाचा दिवस सोडला तर माझं मासळीवाचून अडतं. कोळ्याच्या जाळ्यात मोठी मादी आली आणि मेली तर तो बिचारा काय करणार, तो ती विकेल. माझं भांडण त्याच्याशी नाही. ज्याला पोटासाठी नको आहे, नुसत्या नावासाठी हवी आहे आणि जो मुद्दाम तिलाच शोधत फिरतो, त्याच्याशी आहे. आणि खाडीचं खरं वाटोळं कारखान्यांच्या पाण्याने आणि भरावांनी होतंय असंही कुणी म्हणेल, तर तेही मला मान्य आहे, त्यावर मी पूर्वी लिहिलं आहे. पण कारखान्याला जाब विचारायला जाताना आपल्याच हातात मेलेली मादी आणि ढाल असेल तर आपलं कोण ऐकेल?

वर्तमानपत्रांनाही ह्या बाबतीत सोडू नये. २०२१ च्या ऑगस्टअखेरीला पालघरच्या मुरबे गावच्या एका मच्छीमाराला एकाच खेपेत १५७ घोळ मासे मिळाले आणि ते १ कोटी ३३ लाखांना गेले. घोळीच्या पोटात हवेची पिशवी असते, कोळी तिला बोत म्हणतात. तिला परदेशात सोन्याचा भाव येतो. त्या माणसाचं भलं झालं, चांगलंच झालं, कष्टाचा पैसा आहे. पण त्या आठवड्यात सगळीकडे एकच सूर होता, नशीब फळफळलं, लॉटरी लागली. १५७ घोळी एका जागी का होत्या, असा प्रश्न मी वाचलेल्या एकाही बातमीत नव्हता. हा मासा थव्याने जमतो, आणि एक थवा जाळ्यात आला म्हणजे त्या भागातली केवढी तरी पुंजी एका रात्रीत उचलली गेली. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला केप यॉर्कच्या किनाऱ्यावर हीच घोळ ठरलेल्या जागी जमायची आणि लोक जाऊन हव्या तेवढ्या मारायचे. काही वर्षांत मोठ्या घोळी संपल्या, मिळायची ती सगळी वयात न आलेली. शेवटी तिथल्या मूळनिवासी लोकांनीच ठरवून दोन वर्षं घोळ धरायचं बंद केलं. आपल्या शेजारच्या गुजरातने २०२३ मध्ये घोळीला राज्यमासा केलं. मान दिला, ठीक. आता तिच्यातल्या मोठ्यांना जगूही दिलं पाहिजे.

मला माहीत आहे, मंडळात कुणीतरी म्हणेल की हे सगळं परदेशातलं, आपल्या लोकांना असं जमणार नाही. का जमणार नाही? महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंड आहे. तिथल्या डोहातले महसीर देवीचे म्हणून कुणी धरत नाही. त्याला पाळतीवर माणूस ठेवावा लागला नाही, दंडाची पाटी लावावी लागली नाही. वाडा तालुक्यात तिळसे इथेही वैतरणेच्या पात्रात शंकराच्या देवळाजवळ असेच राखलेले मासे आहेत. मी काही खाडीला देऊळ बांधा म्हणत नाही, देवभोळी मी नाही. एवढंच म्हणते की ज्या लोकांनी एक अख्खा डोह पिढ्यानपिढ्या राखला त्यांच्याच जिल्ह्यातले आपण आहोत. आपल्याला खाडीतल्या मूठभर मोठ्या माद्या राखता येऊ नयेत?

आणि हौसेचं म्हणाल तर ती मलाही कळते. आमच्या लहानपणी प्रत्येक खाडीला एक 'तो मोठा' असायचा. कुणीतरी भरतीच्या वेळी उघाडीशी त्याची पाठ पाहिलेली असायची, कुणाचं तरी जाळं त्याने फाडलेलं असायचं. सासरे त्यांच्या आजोबांच्या काळातल्या अशाच एकाची गोष्ट सांगायचे, आणि दर वेळी तो जिताडा वीतभर वाढायचा. तो कधी सापडला नाही म्हणून तर गोष्ट टिकली! सापडला असता तर दोन दिवसांत खाऊन संपला असता आणि सासऱ्यांना सांगायला काही उरलं नसतं.

तर माझं मंडळाला म्हणणं असं. स्पर्धा बंद करा असं मी म्हणत नाही, पोरं मोबाइल सोडून खाडीवर जात असतील तर बरंच आहे. पण नियम बदला. दोन फुटांपेक्षा लहान जिताडा बाद, तीन फुटांपेक्षा मोठाही बाद. जो बाद होईल तो पाण्याबाहेर न काढता, होडीच्या कडेलाच मोजून सोडायचा, आणि त्याची लांबी, दिवस, भरती-ओहोटी वहीत लिहायची. बक्षीस ज्याची वही सगळ्यात चांगली त्याला. अक्षर मी तपासीन. दोन आणि तीन फूट हे आकडे मी वाचलेल्यावरून धरले आहेत. आपल्या खाडीला नेमके कोणते लागू पडतील ते रत्नागिरीच्या मत्स्य महाविद्यालयात विचारता येईल, कुणी जाणार असेल तर पत्र मी लिहून देते. असं केलंत तर पौर्णिमेला मी येईन, पत्रकावरचं नावही राहू द्या. आणि पहिल्या बक्षिसाची निम्मी रक्कम माझ्या पेन्शनमधून.

मोजायला शिंप्याची टेप नको, ती ओली झाली की ताणते. सुताराची लोखंडी घ्या. तीन फुटांवर लाल रंगाची रेघ मारायची, म्हणजे अंधारातही बॅटरीच्या उजेडात दिसेल. अशा सहा टेपा मी पेणच्या बाजारातून आणून ठेवल्या आहेत. ज्याला हवी त्याने संध्याकाळी घरी येऊन घेऊन जावी, पाच ते सात मी असतेच.